पाठमोरी माय

कन्हारबांधच्या पाळीवर, या मातीच्या बांधावर, चढलात की आधी पाणी दिसतं, मग ही देवी. नवा माणूस हमखास हसतो. समोर एवढा थोरला तलाव, पलीकडचा काठ दिसत नाही, आणि देवीनं त्याच्याकडे पाठ केलेली! हिला आम्ही पाठमोरी माय म्हणतो. मघाशी त्या डोंग्याकडे बोट दाखवून तुम्ही विचारलंत ना, खोड कोरून केलेली एवढीशी नाव या पाण्यात टिकते का म्हणून? त्याचं उत्तर हिच्यापाशी आहे. फुरसत असेल तर बसा सावलीला.

फार जुनी गोष्ट. तेव्हा इथं मासे धरणाऱ्या ढिवरांची चारदोन घरंच होती, असं सांगतात. त्यातल्या एका घरात फागू म्हातारा, त्याचे दोन लेक आणि दोन सुना. थोरला सुकरू एका उन्हाळ्यात तलावात गेला तो आलाच नाही. साऱ्यांच्या डोळ्यांदेखत गेला. डोंगराकडून वारा सुटला, पाणी उसळलं, गाव पाळीवर जमलं. त्याची बायको खिमा पदर हलवत, गळा फाडून हाका मारत होती. बाकीचेही ओरडत होते, फीर मागं, घरी ये. तोवर सुकरू डोंग्याचं तोंड लाटेला लावून बसला होता आणि चांगला तगून होता. हाका ऐकल्या तसा त्यानं डोंगा घराकडे वळवला. वळताना डोंगा आडवा झाला, आडव्या अंगावर लाट बसली, आणि पुढं पाण्यावर काहीच दिसेना.

तेरावं झाल्यावर एकदाच धाकट्या सुनेपाशी, भागरतापाशी, फागूनं तोंड उघडलं. "पोरी, माह्या लेकाले पाण्यानं नाही मारलं. डोंगा लाटेले तोंड देऊन ऱ्हायला का काही होत नाही. आपण बलावलं, म्हणून तो मेला."

त्या दिवसापासून भागरताची झोप उडाली. तिचा नवरा लाखन त्याच पाण्यात जायचा, तेही भावाच्या डोंग्यापेक्षा अरुंद डोंग्यातून. नाही जाऊन करतो काय? उन्हाळ्यात काठचं पाणी तापतं, मासळी मधल्या डोहात उतरते, आणि घरात अंगावर पिणारी लेक होती. तो निघाला की परत पाळीवर पाय टाकेपर्यंत भागरता वाऱ्याची चाहूल घेत राहायची. चुलीपाशी बसली तरी तिचे कान झाडांच्या पानांकडे असायचे.

आणि एका दुपारी पानं हलली. अंगणात धूळ गरगरली. लेकीला उचलून भागरता पाळीवर पोचली तेव्हा तलाव काळा पडला होता आणि लाखनचा डोंगा मधोमध होता, भाताच्या तुसाएवढा. लाटेवर चढला की दिसे, उतरला की नाहीसा होई. दर वेळी तिला वाटे, गेला. गाव जमलं. खिमाही धावत आली, आणि तिनं हाक मारायला तोंड उघडलं तोच भागरतानं त्यावर हात दाबला.

"हाक नोका मारू कोणी," ती म्हणाली. "तो वळंल."

पण बघत राहिलं तर ओरडल्यावाचून राहवणार कसं? तिलाच राहवेना. हाक घशाशी आली होती, पदर आपसूक हातात आला होता. तेव्हा ती गर्रकन फिरली आणि तलावाकडे पाठ करून उभी राहिली. बाकीच्यांनाही म्हणाली, फिरा.

बाया घाबरल्या. आपल्यात मागं न बघता कधी निघतात? मसणवटीतून. जित्या नवऱ्याला पाठ दाखवायची म्हणजे तो मेला असं आपल्याच तोंडानं म्हणायचं. एक म्हातारी बोललीच, "अवं, आपल्या हातानं कुकू पुसतेस का?" भागरतालाही तेच वाटत होतं. तिनं मनातल्या मनात तलावाला हात जोडले, माये, याले आण, मी जन्मात तुह्याकडं पाहणार नाही. मग आधी खिमा फिरली, तिच्यामागून फागू, आणि मग एकेक करत सारं गाव.

आता वादळाचा नुसता आवाज उरला. बघताना निदान कळत तरी होतं. पाठीवर शिंतोडे यायचे आणि प्रत्येक शिंतोड्याला वाटायचं, हीच ती लाट. रडायचीही कुणाची छाती होईना. भागरताच्या खांद्यावर लेक होती, तिचं तोंड तेवढं तलावाकडे. साऱ्या गावात बघणारी ती एकटीच, आणि तिला अजून बोलता येत नव्हतं.

पोर आधी हुंकार देत होती. मग गप्प झाली. भागरताला वाटलं, संपलं. तिची मान वळायला लागली, म्हणे. खिमानं तिची हनुवटी धरली आणि पुन्हा गावाकडे केली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग एकाएकी पोर झेपावली. दोन्ही हात पुढं करून, आईच्या खांद्यावरून अर्धं अंग बाहेर टाकून. एवढंसं लेकरू परक्याकडे असं झेपावत नाही, हे भागरताला ठाऊक होतं, तरी ती वळली नाही. ओल्या हातांनी कुणीतरी पोर उचलून घेतली तेव्हा ती तिथंच खाली बसली.

लाखन शेवटपर्यंत डोंग्याचं तोंड लाटेकडे ठेवून वल्हं मारत राहिला होता, आणि वाऱ्यानं त्याला उलट्या अंगानं हळूहळू पाळीला आणून लावलं होतं. "एकदा मागं वळून पाह्यलं," तो पुढं सांगायचा म्हणे. "साऱ्यायच्या पाठी दिसल्या. म्हटलं, मले जाळून निघाले हे. मंग कोणासाठी वळू?" बायकोवर तो कधी रागावला नाही. पण त्या पाठी त्याला मरेपर्यंत झोपेत दिसायच्या, आणि तो घामानं भिजून उठायचा.

भागरतानं बोल पाळला. पाण्याला आली तरी उलट्या पावलांनी उतरायची आणि हात मागं नेऊन घागर बुडवायची. ती गेल्यावर गावानं तिच्या नावाचा हा दगड बसवला, तो आधी पाण्याकडे तोंड करून. सकाळी बघतात तर फिरलेला. खरंखोटं तिलाच माहीत.

आजही डोंगराकडून वारा सुटला की पाळीवरचं माणूस न् माणूस तलावाला पाठ करतं. जिच्या घरचं कुणी पाण्यात असेल ती बाई एखादं तान्हं लेकरू खांद्यावर घेते, आपलं नसलं तर शेजारणीचं. बोलता येणारं लेकरू चालत नाही. मग सगळे त्याच्या झेपेची वाट बघत उभे राहतात. दर वेळी ते झेपावतंच असं नाही. तरी अंधार पडेपर्यंत कुणी वळत नाही.