उत्पलेने विचारले

पूर्वी अरुणपुरात मणिभद्र नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्माला आले आणि पुढे राजाच्या औषधशाळेचे आचार्य झाले. त्या औषधशाळेत उत्पला नावाची एक विधवा नुकतीच कामाला लागली होती. चाळिशीची, हाताची स्वच्छ, खलबत्त्यापुढे बसली की दिवसभर मान वर न करणारी. याआधी ती एका खेड्यातल्या वैद्याकडे होती. हिरडा किती बारीक कुटायचा, असे तिने तिथे एकदा विचारले, तेव्हा वैद्य सगळ्यांसमोर म्हणाला होता, "हेही ठाऊक नाही, तर बत्ता कशाला उचललास?" माणसे हसली. त्या दिवसापासून उत्पलेने तोंड मिटले. अडले की ती अंदाज करी, आणि अंदाज बहुधा बरोबर निघे.

एकदा तांबटांच्या आळीत ज्वर पसरला. माध्यान्हापूर्वी तिथे औषध पोचले पाहिजे, अशी राजाज्ञा झाली. औषधशाळेचा कारभारी सोनक जाता जाता उत्पलेला म्हणाला, "मागच्या रांगेतलं बचनागाचं मडकं घे आणि गोळ्या वळ. लवकर!"

बचनाग म्हणजे जालीम विष. दिवसचे दिवस भिजवून, शिजवून शुद्ध केले, तरच त्याचे औषध होते. उत्पला मागच्या रांगेपाशी गेली, तर बचनागाची मडकी दोन. मुळे सारखीच काळी, सारखीच सुकलेली. ती दाराकडे वळली. सोनक बाहेर कोणावर तरी खेकसत होता. तिने डावीकडचे मडके उचलले.

गोळ्या वळून झाल्या, पानांच्या पुड्यांत बांधल्या गेल्या, टोपली घेऊन माणूस निघालाही. उत्पला हात धूत राहिली. तीनदा धुतले, तरी तिला तिथून उठवेना.

अंगणात बोधिसत्त्व रानातून मुळ्या घेऊन आलेल्या एका म्हातारीपुढे उकिडवे बसले होते.

"आजी, यातली सालवण कोणती नि पिठवण कोणती? माझा अजून गोंधळ होतो."

म्हातारी खळखळून हसली. "एवढे मोठे वैद्य, नि मला विचारता?"

"मग कोणाला विचारू? रोज खणतेस तू."

उत्पलेने हे ऐकले. आचार्यांचा चेहरा जराही उतरला नव्हता. ती उठली आणि त्यांच्यापाशी गेली.

"आचार्य, गोळ्या... ठीक असतील ना?"

"असं विचारलंस तर मी 'असतील' म्हणेन, आणि तू तशीच माघारी जाशील," बोधिसत्त्व म्हणाले. "तुला काय ठाऊक आहे ते आधी सांग. मग कुठे अडलीस ते सांग."

उत्पलेने श्वास घेतला. "मागच्या रांगेत मडकी दोन होती, मला एकच सांगितलं होतं. मी डावीकडचं घेतलं. ते शुद्ध केलेलं आहे की कच्चं, मला ठाऊक नाही. टोपली आत्ताच गेली."

बोधिसत्त्वांनी खलाला लागलेला कण जिभेच्या टोकाला लावला, लगेच थुंकून चूळ भरली. जीभ बधिर झाली होती.

"सोनक, धाव! टोपली अडव. औषध कच्चं आहे."

सोनक अनवाणीच धावला. उत्पला उंबऱ्यावर बसून राहिली. रस्त्यावरचा प्रत्येक आवाज तिला आळीतल्या आकांतासारखा वाटत होता.

सोनक परतला तो घामाने निथळत, टोपली छातीशी धरून. "आळीच्या तोंडाशीच गाठली. एकही पुडी सुटली नव्हती."

उत्पलेला रडू फुटले. इतका वेळ दाबून धरलेला जीव त्या रडण्याबरोबर मोकळा झाला.

दम खाऊन सोनक तिच्यावर उसळला, "मला आधीच विचारायला काय झालं होतं?"

"तिनं विचारलं असतं, तर तू काय म्हणाला असतास?" बोधिसत्त्वांनी शांतपणे विचारले.

सोनकने टोपली खाली ठेवली. "म्हणालो असतो, एवढंही कळत नाही?" त्याने मान खाली घातली. "कच्चं मडकं त्या रांगेत काल मीच ठेवलं."

बोधिसत्त्व स्वतः राजाकडे गेले. दोष त्यांनी कोणावर ढकलला नाही. "महाराज, औषधाला उशीर होईल. ही चूक माझ्या शाळेची, म्हणजे माझी." उशिराने का होईना, निर्धोक औषध येत आहे, हे ऐकून राजाने त्यांना क्षमा केली. संध्याकाळी शुद्ध औषध आळीत पोचले आणि पाच-सहा दिवसांत तिथे पुन्हा हातोड्यांचा ठणठणाट सुरू झाला. उत्पला पुढे इतके प्रश्न विचारू लागली, की सोनक कधीकधी डोके खाजवी. पण उत्तर देई.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा विहारातल्या भिक्षूंना सांगितली, आणि म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची उत्पला म्हणजे आज सकाळी भीतभीत शंका विचारणारी भिक्षुणी चारुमती. सोनक म्हणजे तिच्यावर हसून मग ओशाळलेला स्थविर भद्रघोष. औषधशाळेचा आचार्य मीच होतो." न कळलेले कळून घ्यायला लाजू नये आणि विचारणाऱ्याला लाजवू नये, हीच प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता, होय.