वेतसा नदीचे बंधन

धर्म चारही पायांवर उभा होता आणि पृथ्वीच्या अंगाला नांगराचा फाळ अजून शिवला नव्हता, त्या कृतयुगातली ही गोष्ट. विंध्याच्या दक्षिणेस वेतसा नावाची पुण्यसलिला नदी वाहत असे. तिच्या तीरावर, लव्हाळ्यांच्या आणि कमळांच्या सान्निध्यात, स्थिरव्रत नावाचे महातपस्वी मुनी पत्नी वीरुधेसह राहत. पाणथळीत कोणी न पेरता उगवणारे नीवार नावाचे रानधान्य हाच त्या आश्रमाचा आहार, आणि यज्ञात आहुती पडे तीही नीवाराचीच. पण मुनींचे खरे वैभव अग्निशाळेत होते. त्यांच्या सातव्या पूर्वजाने अरणीची काष्ठे घुसळून प्रकट केलेला अग्नी पित्याकडून पुत्राकडे येत येत त्यांच्यापर्यंत पोचला होता, आणि मध्ये एक क्षणही विझला नव्हता. मुनी स्वभावाने विनम्र होते असे सांगतात. या अग्नीचा विषय निघाला की मात्र त्यांची मान थोडी ताठ होई.

वेतसा दर पावसाळ्यात तट सोडून पसरे आणि महिनाभराने आपल्या पात्रात परते. एका वर्षी मेघ असे अनिवार कोसळले की जुने वृक्ष उन्मळून वाहत गेले, गोठा गेला, पर्णकुटी गेली, आणि पाणी अग्निशाळेच्या उंबऱ्याला लागले. मुनींच्या क्रोधाला सीमा राहिली नाही. कुंडासमोर उभे राहून त्यांनी ओंजळीत जल घेतले.

"वेतसे, या अखंड अग्नीच्या साक्षीने मी तुला बांधतो. आपल्या पात्रात परत. आजपासून तुझे पाणी वाढणार नाही आणि घटणारही नाही."

नदी तत्काळ मागे सरली. तो तपःप्रभाव पाहून स्वर्गातले देवही स्तिमित झाले. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. आमच्या मुनींनी साक्षात पाण्याशीच वैर मांडले होते.

पहिली दोन वर्षे मोठी सुखाची गेली. पात्र काठोकाठ, निश्चल, आरशासारखे. मुनी ते दृश्य पाहून संतुष्ट होत आणि यालाच शांती म्हणत. परडी घेऊन नीवार वेचायला जाणाऱ्या वीरुधेला मात्र वेगळेच दिसू लागले होते. नवा गाळ येईना, म्हणून पाणथळीला भेगा पडल्या. ज्या उथळ पाण्यात मासे अंडी घालायला चढत, ते पाणीच उरले नाही. मासे गेले, त्यांच्या मागोमाग सारस गेले. लव्हाळे वाळले आणि त्यांच्या जागी काटेरी झुडपे दाटली. नदीवर हिरवट साय धरली आणि तिला वास येऊ लागला. वीरुधेने हे पतीच्या कानावर अनेकदा घातले, आणि सृष्टी अजून स्थैर्याला सरावते आहे, असे उत्तर तिला दर वेळी मिळाले.

बाराव्या वर्षी यज्ञाच्या दिवशी तिने रिकामी परडी आणून कुंडापाशी ठेवली.

"अग्नी आहे, स्वामी. त्याच्या मुखात घालायला एक दाणा नाही. आपण बारा वर्षे कशाचे रक्षण केले?"

मुनी तसेच उठून तीरावर गेले आणि त्यांनी नदीला पूर्ववत वाहण्याची आज्ञा केली. पाणी हलले नाही. मग त्या हिरव्या सायीतून वेतसा देवी वर आली. तिचे गाल बसले होते, केसांत शेवाळ गुंतले होते. एके काळी जिचा घोष कोसभर ऐकू येई, तिचा आवाज मुनींना कान देऊन ऐकावा लागला.

"मुने, मी मोडत होते आणि गाळही आणत होते. या अरण्याने माझा आघात सहस्र वेळा सोसला. पडून पुन्हा उठण्याची विद्या त्याला येत होती. बारा वर्षे तू त्याला पडूच दिले नाहीस. आता तुझा शब्द तुझ्यानेही फिरणार नाही. ज्या अग्नीच्या साक्षीने मला बांधलेस, तो तुझ्या हाताने विझेल तेव्हाच माझे बंधन सुटेल."

मुनी परतले आणि कुंडापाशी बसून राहिले. सात पिढ्यांचे सात पितर त्यांच्या डोळ्यांपुढे उभे होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही तोंड दाखवण्याचे धैर्य त्यांना होत नव्हते. त्या वृद्ध तपस्व्याला रडू फुटले.

"पितरांना मी काय सांगू?" त्यांनी पत्नीला विचारले.

"पितरांनी तो काष्ठातून काढला होता," वीरुधा म्हणाली. "काष्ठ अजून आहे."

अग्निहोत्र पतिपत्नी दोघांचे असते. म्हणून दोघांनी मिळून कलश धरला आणि वेतसेचे जल कुंडात ओतले. ज्वाला फुत्कारली, वाफ उठली, आणि सात पिढ्यांत प्रथमच ती शाळा काळोखली. दूर पर्वतांतून गंभीर गर्जना ऐकू आली. अरणी उराशी धरून दोघे टेकडीवर चढले, आणि त्यांच्या देखत पुराने काटेरी झुडपे, कुजके पाणी आणि अग्निशाळा, सारे एकाच लोटात नेले.

महिन्याने पाणी उतरले. दोघे खाली आले तेव्हा क्षितिजापर्यंत नुसता काळा गाळ पसरला होता. मुनींनी पाऊल टाकले, आणि त्यांना दिसले की गाळ हलतो आहे. गांडुळे वर येत होती. बेडकांनी मंत्रघोष मांडला होता. आणि सर्वत्र, जिथे इतकी वर्षे काट्यांखेरीज काही उगवले नव्हते, तिथे नीवाराचे कोवळे कोंब कोट्यवधींनी वर येत होते. मुनी चिखलात गुडघ्यांवर बसले. हे कोणी पेरले, असे त्यांनी विचारले.

"कोणीच नाही," प्रवाहातून वेतसा म्हणाली. तिचा घोष परत आला होता. "ते मातीत निजले होते. मुने, मी तुला वर देते. नीवाराचे सारे बी कधीच एका वर्षी जागे होणार नाही. काही उगवेल, काही वाईट वर्षासाठी निजून राहील."

म्हणून नीवाराचा पिकला दाणा वेचणाऱ्या हाताची वाट पाहत नाही. तो आधी मातीत पडतो, आणि मातीला देऊन उरेल तेवढेच माणसाच्या परडीत येते. स्थिरव्रतांच्या कुळात तेव्हापासून दर पावसाळ्याच्या आरंभी अग्नी आपल्या हाताने विझवतात आणि पूर ओसरला की अरणी घुसळून नवा काढतात. पुढे अनेक ऋषी त्या आश्रमात अतिथी म्हणून आले, आणि हा अग्नी किती पिढ्यांचा, असे त्यांनी विचारले, तर मुनी मान लववून सांगत, "याच वर्षीचा."