माळ्याची माडी

सुपारवाडीत कौसाबाई नावाची एक बाई राहत होती. हात कामाला चपळ, आणि जीभ हातापेक्षा चपळ. तिचं घर साधं होतं. खाली दोन खोल्या, वर कौलं. कौलांच्या खाली फळ्या टाकून एक माळा केला होता. माळ्यावर कांदे, लसूण, गोवऱ्या आणि एक मोडका पाळणा. वर जायला शिडी. वर गेलेला माणूस मांजरासारखा चार पायांवर चालायचा, कारण उभं राहिलं की डोकं वाशाला लागायचं.

तोवर सगळं ठीक होतं. कांदे कांद्यांच्या जागी होते, माणसं माणसांच्या.

पण शेजारी तिची धाकटी जाऊ शेवंता राहायची. शेवंतानं घरावर स्लॅब टाकला आणि वर खोल्या काढल्या. वास्तुशांतीला सगळं गाव जेवायला आलं. जो तो म्हणाला, "वा, शेवंताची माडी झाली हो!" कौसाबाईच्या घशात लाडू अडकला. पाणी पिऊन घरी आली, आणि त्या दिवसापासून ती माळ्याला माडी म्हणायला लागली.

"अहो, माडीवरून चार कांदे आणा."

"माडीवर उंदीर फार झालेत बाई."

तिचा नवरा निवृत्ती शांत माणूस. तो हसला आणि कांदे आणायला शिडी चढला. पुढच्या भिंतीत वर एक झरोका होता. कौसाबाईनं त्याला लाल फुलांचा पडदा लावला. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, आत कुणी पलंगावर लोळतंय. लोळत होते कांदे.

खोटं बोलायला शाळा लागत नाही. एकदा बोललं की पुढचं तेच शिकवतं.

त्या वर्षी ग्रामपंचायतीनं गावातली सगळी घरं नव्यानं मोजायची ठरवली. घर केवढं, कसलं, किती मजली, त्यावरून त्याची किंमत धरायची आणि किमतीवरून घरपट्टी. मोजायला सोपान नावाचा माणूस ठेवला. सोपान रोजंदारीवर होता. घरी बायको, तान्हं लेकरू आणि म्हातारे आईबाप. हातात टेप घेऊन तो दारोदार फिरत कौसाबाईकडे आला. खालच्या खोल्या मोजल्या आणि त्यानं विचारलं, "मावशी, वर काय आहे?"

कौसाबाई माळाच म्हणणार होती. पण शेजारच्या ओट्यावर शेवंता तांदूळ निवडत बसली होती. तिचे हात सुपात होते आणि कान इकडे.

"वर माडी," कौसाबाई म्हणाली.

"येऊन मोजू का?"

"नको नको. वर पाहुणे झोपलेत."

"मग कसं लिहू?"

"खाली आहे तेवढंच वर आहे. लिही की! माझ्यावर विश्वास नाही व्हय रे तुझा?"

आईच्या वयाच्या बाईला खोटं कसं म्हणायचं? सोपाननं मान डोलावली आणि लिहिलं, दुमजली.

शेवंता सुपातून मान न उचलता म्हणाली, "आक्का, पाहुणे फार दिवस झोपलेत. जेवायला तरी उठवा."

"तू तुझे खडे वेच," कौसाबाई म्हणाली.

पुढे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. ज्याला हरकत घ्यायची त्यानं घ्यावी, म्हणून ती लावतात. कौसाबाईनं आपल्या नावापुढे 'दुमजली' वाचलं आणि हरकत घ्यायची सोडून चार बायकांना हाताला धरून तिथं नेलं. "बघा. सरकारी अक्षरात आहे."

मग घरपट्टीचं बिल आलं. मागच्या वर्षाच्या दुप्पट. कौसाबाईनं आकडा दोनदा वाचला. पण भरायला गेली तेव्हा रांगेत नेमकी मागे शेवंता उभी. कौसाबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि हसतमुखानं सगळी पट्टी भरली. हसून हसून तिचे गाल दुखले.

घरी निवृत्ती वाटच बघत होता.

"भरलीस?"

"भरली."

"झकास. आता कांद्यांकडून भाडं वसूल कर."

"तुम्हाला काय जातंय हसायला!"

"हसत नाही," निवृत्ती म्हणाला. "हे दरवर्षी येणार. माळा एक दिवस पडेल, पण त्यांच्या कागदावरची माडी पडायची नाही. आपण मेलो तरी ती उभी. पोरं पट्टी भरतील आणि आपल्याला शिव्या देतील."

निवृत्ती कधी एवढं बोलत नसे. म्हणूनच ते लागलं.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई पदर खोचून ग्रामपंचायतीत गेली. गावाचे ग्रामसेवक, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, तिथं बसले होते.

"भाऊसाहेब, तुमच्या माणसाच्या डोळ्यांत काय फूल पडलंय का? नसलेला मजला दिसतो कसा त्याला?"

"मावशी, ओरडू नका. चूक असेल तर लेखी हरकत द्या. घराची किंमत पुन्हा धरू. जादा भरलेले पैसे परत मिळतील."

"एवढंच?"

"एवढंच. फक्त चूक कशी झाली, ते सभेपुढं ठरेल. सोमवारी या."

सभेपुढं म्हणजे गावापुढं. गावापुढं म्हणजे शेवंतापुढं. कौसाबाईचा खोचलेला पदर आपोआप सुटला.

वाटेत तिला रंगा वकील भेटला. रंगा खरा वकील नव्हता. कोर्टात सगळे दावे हरला होता, म्हणून गाव त्याला वकील म्हणायचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली.

"वहिनी, सोपं आहे. तुम्ही बोलूच नका. सोपान वर चढला होता का?"

"नाही."

"झालं तर! रस्त्यावरून बघितलं आणि लिहून मोकळा झाला. चूक त्याची, पैसे तुमचे."

"पण मीच त्याला..."

"ते ऐकलं कुणी? शेवंतानं. जावेविरुद्ध जावेची साक्ष कोण धरतो?"

कौसाबाईला हे पटलं. पटणारच. आपल्या सोयीचा सल्ला माणसाला वेदासारखा वाटतो.

सोमवारी ग्रामपंचायतीपुढं सभा भरली. सरपंच आप्पा मधोमध बसले. आप्पा ताडमाड उंच. बसलेले असले तरी उभे वाटायचे. बाजूला भाऊसाहेब. समोर सोपान हात बांधून उभा. बायकांत पुढं कौसाबाई, मागं शेवंता.

आप्पांनी विचारलं, "सोपान, कौसाबाईच्या घरी तू वर चढून बघितलंस का?"

"नाही आप्पा."

"का नाही?"

"मावशी म्हणाल्या, वर पाहुणे झोपलेत. वरती खालच्याएवढीच माडी आहे असंही म्हणाल्या."

आप्पा भडकले. "आपली चूक बाईमाणसावर ढकलतोस? कौसाबाई तोंडानं फटकळ असेल, पण खोटं बोलायची नाही. काय रे मंडळी?"

"नाही, नाही," मंडळी म्हणाली. "कौसाबाई रोखठोक बाई आहे."

"ऐकलंस? भाऊसाहेब, बाईंचे जादा पैसे परत करा. आणि सोपान, उद्यापासून कामावर येऊ नकोस."

कौसाबाईचं काम झालं होतं. पैसे परत. पडदा जागच्या जागी. नाव शाबूत, उलट वर कौतुकच. तिनं नुसतं बसून राहायचं होतं.

सोपाननं टेप गुंडाळून टेबलावर ठेवला. सगळ्यांना नमस्कार केला. जाताना कौसाबाईलाही केला. त्यानं तिच्याकडे रागानंसुद्धा बघितलं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळी झाली असती. पण नमस्काराला शिवी कशी द्यायची?

तो पायरीपर्यंत गेला असेल. कौसाबाई ताडकन उठली.

"ए सोपान! थांब तिथंच. तो टेप उचल."

रंगा वकिलानं लांबून हातानं खूण केली, बसा, बसा.

"तू बस रे मुडद्या," कौसाबाई त्याला म्हणाली. मग आप्पांकडे वळली. "आप्पा, सोपान खरं बोलला. पाहुणे होते वर."

"कोण पाहुणे?"

"कांदे."

कुणीतरी नाकातून हसलं आणि सगळी सभा फुटली. म्हातारे खोकेपर्यंत हसले. कौसाबाईचे कान तापले, पण ती खाली बसली नाही.

"हसा. पोटभर हसून घ्या. माझ्या घराला माडी नाही, माळा आहे. जावेची माडी झाली म्हणून मी माळ्याला माडी म्हणाले. हा मोजायला आला तर मीच त्याला वर जाऊ दिलं नाही. मी रोखठोक म्हणता ना? मग हे घ्या रोखठोक. खोटं मी बोलले आणि भाकरी याची चाललीय. माझे पैसे द्यायचे तर द्या, नाहीतर ठेवून घ्या. पण याचं काम काढलंत तर मी इथून हलायची नाही. उद्या सकाळी झाडायला याल तेव्हा माझ्याभोवतीनं झाडा."

हसू थांबलं. आप्पांनी भाऊसाहेबांकडे बघितलं, भाऊसाहेबांनी आप्पांकडे.

"आधी बघून येऊ," भाऊसाहेब म्हणाले.

मग काय, सभाच्या सभा उठून कौसाबाईच्या दारात आली. आप्पा पहिले शिडी चढले. वर पोचले आणि सरपंचाला शोभेल असे ताठ उभे राहिले. धाड! कौलं हलली. वरून धूळ, लसणाची सालं आणि आप्पांची टोपी खाली आली.

"आप्पा, उभे राहिलात ना?" कौसाबाई खालून ओरडली. "म्हणून तर सांगते, माळा आहे!"

भाऊसाहेब म्हणाले, "आपल्या ग्रामपंचायतीचा नियम सरळ आहे. माणूस ताठ उभा राहत नाही, तो मजला नाही."

"आप्पा राहिले होते की," रंगा वकील म्हणाला.

"राहिले होते. टिकले नाहीत."

आप्पा डोकं चोळत उतरले. तिथंच ओट्यावर बसून त्यांनी निकाल दिला. घर एकमजली. जादा घेतलेली पट्टी परत. सोपान कामावर राहील, पण यापुढं वर चढल्याशिवाय वरचं लिहायचं नाही, मग पाहुणे झोपलेले असोत की नाचत असोत. आणि पुन्हा मोजायचा जो खर्च येईल, तो कौसाबाईच्या पैशांतून कापायचा.

"कापा," कौसाबाई म्हणाली. "खोटं मी बोलले, त्याची पट्टी मीच भरीन."

लोक घरी निघाले. एवढ्यात मागून शेवंता पुढं आली. मान खाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं.

"भाऊसाहेब, आलाच आहात तर माझ्याकडंही या. माझी मागची खोली मी गोठा म्हणून सांगितली होती. गोठा नाही तो. आम्ही झोपतो तिथं."

कौसाबाईनं कमरेवर हात ठेवले. "अगं शेवंते! परवा मी त्या खिडकीतून पलंग बघितला, तेव्हा तू मला काय म्हणालीस? म्हशीसाठी आणलाय?"

"आक्का, तुम्ही एवढ्या गावापुढं उठलात," शेवंता म्हणाली. "मी किती दिवस मान खाली घालून बसू?"

कौसाबाईनं शेवंताच्या पाठीवर एक धपाटा घातला, आणि दोघी जावा दारात उभ्या राहून खदखदून हसल्या.

पैसे परत घ्यायला कौसाबाई ग्रामपंचायतीत गेली, तेव्हा पट्टी भरणाऱ्यांची रांग लागलेली होती. भाऊसाहेबांनी नवीन नोंद लिहायला घेतली. तोंडानं म्हणत होते, "कौसाबाई निवृत्ती. घर कौलारू. एकमजली. वर..." ते थांबले. रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. भाऊसाहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, "मावशी, वरचं काय लिहू?"

"माळा लिहा," कौसाबाई म्हणाली. "आणि असं कुजबुजू नका. मागच्या बाईपर्यंत ऐकू जाईल असं वाचा."

भाऊसाहेबांनी मोठ्यानं वाचलं. कौसाबाईनं सही केली, हक्काचे पैसे उचलले आणि रांगेच्या मधून ताठ मानेनं घरी गेली.

तात्पर्य: खोट्या मोठेपणावरही पट्टी बसते आणि ती दरवर्षी वाढते. आपलं हक्काचं जरूर भांडून परत मागावं. पण आपलं खोटं दुसऱ्याच्या गळ्यात बांधून मागू नये.