गिरणीच्या जागेची अदलाबदल

तेरवणची सूतगिरणी बंद पडली आणि भर गावातली तिची मोठी जागा नगरपालिकेकडे आली. नगराध्यक्ष अण्णासाहेब डफळे यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नवी वसाहत त्यांना हवी होती ती गावाबाहेर, माळ्यांच्या मळ्यांवर. तिथं उद्घाटनाचा मांडव मोठा घालता येतो, याखेरीज कारण काही आम्हाला सापडलं नाही.

हरकती ऐकायला सभा भरली, तेव्हा हौसाबाई रासकर उठल्या. त्यांचा वांग्यांचा मळा सगळ्यात आधी जाणार होता.

"अण्णासाहेब, गिरणीची जागा ओसाड पडलीय. घरं तिथं बांधा की."

अण्णासाहेब मंद हसले. हे हसू त्यांनी अडाण्यांना समजावण्यासाठी राखून ठेवलेलं होतं. "बाई, नुसती काजळी अन् गंज आहे तिथं. कवडीमोल जागा ती! तुमचा मळा म्हणजे सोनं."

"मग असं करा," हौसाबाई म्हणाल्या, "सोनं तुम्ही घ्या आणि तेवढीच गिरणीची जागा मला द्या. काजळी मी झाडून घेईन."

अण्णासाहेब खुर्चीतून ताडकन उठले. "शहाण्याच आहात! भर गावातली जागा ती! समोर रस्ता, दारात नळ, गटार तयार, पलीकडे शाळा, दवाखाना. अशी जागा कुणी देऊन टाकतं का?"

"नाहीच देत," हौसाबाई म्हणाल्या. "मग एवढी सोय सोडून लोकांना माझ्या वांग्यांत राहायला का धाडताय?"

सभा हसायची थांबेपर्यंत अण्णासाहेब उभेच होते. वसाहत गिरणीच्या जागेवर बांधण्याचा ठराव त्यांनी तसाच, उभ्या उभ्या मांडला.