हैबतरावाचं बारसं

येसू कुंभारणीची तीन पोरं वर्षाची व्हायच्या आत गेली होती. चौथ्याच्या बारशाला आत्याने बाळाच्या कानात येसूने सांगितलेलं नाव घेतलं, 'हैबतराव', आणि बायका घुगऱ्या तशाच टाकून उठल्या. गावाला छळणाऱ्या इनामदाराचं ते नाव होतं.

इनामदाराने तिला चावडीवर बोलावलं. "माझं नाव कुंभाराच्या पोराला? लाज नाही वाटली?"

"पोर जगावं म्हणून ठेवलं, सरकार," येसू म्हणाली. "मागच्या दोघांना दगडू, केरू म्हणून पाहिलं, मरणाने तेही उचलले. तुमचं मरण मात्र अख्खं गाव वीस वर्षं देवाकडे मागतंय, तरी तुमच्या केसाला धक्का नाही. मरणालाही नको असलेलं नाव गावात हे एकच."

इनामदाराने चावडीभर नजर फिरवली. 'असं काही नाही' म्हणायला कुणीही तोंड उघडलं नाही.