बासुंदी पचवण्याचा हुकूम

गोष्ट कोणत्या संस्थानातली, हे आता छातीठोकपणे सांगवत नाही. कुत्र्याचं नाव मात्र चंदन होतं. राणीसाहेबांचं ते इवलंसं कुत्रं रोज बासुंदी खाई आणि रोज ओकून टाकी. राजवैद्य विष्णुशास्त्र्यांनी भीतभीत मऊ भात सुचवला.

राणीसाहेब म्हणाल्या, "राजवाड्यातलं कुत्रं गोरगरिबांचं अन्न खाणार? बासुंदीच चालू राहील. चंदन बरा झाला नाही, तर तुमची वैद्यकी बंद."

हात जोडून शास्त्रीबुवा म्हणाले, "जशी आज्ञा. फक्त ती पचवण्याचा हुकूमही सरकारांनीच काढावा. चंदनची आतडी माझं ऐकत नाहीत."

राणीसाहेबांनी आचाऱ्याला बोलावणं धाडलं. मग चांदीच्या वाटीत मऊ भात आला.

पुढे कित्येक वर्षं तो आचारी म्हणे सांगत असे: त्या दिवसापासून महालात भाताच्या दोन वाट्या जात. दुसरी राणीसाहेबांची.