जुळलेला काठ

एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात एकेकाळी एक वृद्ध गुरू आणि त्यांची शिष्या काम करीत. अरण्य नव्हते, पर्णकुटी नव्हती. एमआरआय यंत्राशेजारची गारठलेली खोली होती, आणि गुरू बाराही महिने स्वेटर घालत.

तिथे हळदीचे एक व्यापारी आले. त्यांच्या मेंदूत डावीकडे, कानाच्या वरच्या अंगाला गाठ होती. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया ठरली होती. सौद्यात उभे राहून भाव पुकारण्यात त्यांचे आयुष्य गेले होते, आणि नेमकी वाणीच्या तंतूंची वाट त्या गाठीशेजारून जात होती.

अशा वेळी दोन प्रकारची चित्रे काढतात. एक सावकाश घेतलेले, रेखीव. त्यात मेंदूची घडण आणि गाठ दिसते. दुसरे घाईचे, धूसर. पण पाण्याचे कण कुठल्या दिशेने सरकतात ते त्यातून कळते, आणि त्यावरून तंतूंची वाट काढता येते. दोन्ही एकमेकांवर अचूक बसली, तरच गाठ आणि वाट यांतले अंतर समजते. ते बसवण्याचे काम शिष्येचे.

संगणकाने चित्रे जुळवली. मेंदूच्या काठाला काठ असा भिडला, की पाहुण्यांना दाखवावा. अंतर निघाले सहा मिलिमीटर. शिष्या लगेच वर जाऊन सांगून आली, "काका, बोलण्याला धोका नाही. निश्चिंत झोपा."

दुपारी गुरूंनी पडद्यापुढे खुर्ची ओढली. मग त्यांनी धूसर चित्र धरले आणि चक्क बाजूला सरकवले. जुळलेला काठ सुटला.

"सर, मोडलंत तुम्ही."

"हो."

"छत्तीसपैकी पस्तीस गुण जुळले होते."

"आमचेही चौतीस जुळले होते. घरी येऊन विचार कधीतरी." ते हसले नाहीत. "आता मध्ये बघ."

मेंदूच्या मध्यावर पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. मघाशी दोन चित्रांतल्या त्यांच्या कडा एकमेकींपासून ढळलेल्या होत्या. ते तिने पाहिलेच नव्हते. आता त्या एकावर एक बसल्या होत्या.

गुरूंनी व्यापाऱ्यांना खाली आणवले, उलट दिशेने आणखी एक घाईचे चित्र घेतले, दोहोंत उलटसुलट आलेला ताण काढून टाकला आणि पुन्हा जुळवले. अंतर दोन मिलिमीटरही उरले नाही.

"कानाजवळच्या हाडात हवा असते," गुरू म्हणाले. "तिच्याजवळ हे घाईचं चित्र ताणलं जातं. संगणकानं तो ताणलेला काठच खरा धरला, आणि तो बसावा म्हणून आतलं सगळं ओढलं. बाहेरून जुळलं की आपण आत बघायचं थांबतो. मीही एकदा थांबलो होतो. बावीस वर्षं झाली. त्या बाई अजून मानेनं हो-नाही सांगतात. तेव्हापासून जुळलेलं प्रत्येक चित्र मी मोडून बघतो. लोक त्याला अनुभव म्हणतात. मला विचारशील, तर ती भीती आहे."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "सर्जनना मी कळवतो."

"आणि काकांना?"

"निश्चिंत झोपायला त्यांना कोणी सांगितलं?"

लिफ्ट रिकामी उभी होती. शिष्या जिन्याने गेली. त्याला वेळ लागतो.

वर वॉर्डात व्यापाऱ्यांची पत्नी मोसंबी सोलत होती. शिष्या उभ्यानेच बोलली. "काका, सकाळी मी चुकीचं सांगितलं. अंतर फार कमी आहे. उद्या ऑपरेशनच्या मध्येच तुम्हाला जागं करतील, बोलतं ठेवतील. शब्द अडखळला की तिथं हात थांबवतील. गाठ थोडी आत राहील. आणि तरीही बोलणं जाणारच नाही, असं मला सांगता येत नाही."

पत्नीचा हात थांबला.

"बोलायचं काय?" व्यापाऱ्यांनी विचारले.

"काहीही."

"हळदीचे भाव पुकारले तर?"

"चालतील."

"डॉक्टर म्हणतील, बाजारच भरलाय."

"अहो, गप बसा की," पत्नी म्हणाली, आणि तिने पदर तोंडाला लावला.

व्यापारी शिष्येकडे पाहत राहिले. "घाबरलाय काय तुम्ही?"

नाही म्हणणे सोपे होते. "हो, काका."

त्यांनी मान हलवली. "सकाळी तुम्ही हसत सांगून गेला, ते काय मला पटलं नव्हतं. हे पटलं. उद्या माझ्या तोंडासमोर उभ्या ऱ्हावा."

"राहते," ती म्हणाली. याहून अधिक सांगण्याजोगे तिच्यापाशी काही नव्हते, आणि त्यांनीही मागितले नाही.